पाऊण सेकंद

मंगळवारी पहाटे मोर्वा बदलली.
रात्री दीडला मी झोपले तेव्हा होती ती,
पाठीत किंचित वाकलेली, डाव्या खांद्यावर साखळी.
उठून बघते तर ताठ उभी,
केस मोकळे, चिलखत चकचकीत,
आणि साखळी
आपली आपणच माणूस शोधून काढते.

आधी तसं नव्हतं.
बटण दाबलं की ती पाऊण सेकंद थांबायची,
खांदा मागे न्यायची,
आणि पळणारा आत्ता जिथं आहे तिथं नाही,
पाऊण सेकंदानं जिथं असेल
तिथं फेकावी लागायची साखळी.
चार वर्षं मी त्या पाऊण सेकंदात राहिले.
पॉलिटेक्निकचे दोन विषय त्यातच गेले.
इरण्णा हेडफोनमधून ओरडायचा, हिडी, हिडी!
धर म्हणजे काय
ते मला आधी कानडीतच कळलं.

कंपनीनं लिहिलंय,
नव्या खेळाडूंना ती जड जात होती.
तिचा आत्मा तोच ठेवलाय, असंही लिहिलंय खाली.
तौफिक म्हणाला, अपडेटच करू नको मग.
पण अपडेट केलं नाही तर
दारच उघडत नाही.

इरण्णाची बहीण नववीत.
परवा पहिल्यांदाच मोर्वा घेतली तिनं,
एका डावात अकरा वेळा ओढून आणला माणूस,
आणि मला फोन,
अक्का, किती सोपी आहे गं ही!
मी म्हटलं, हो.
तिचा आनंद खोटा नव्हता,
तेच अवघड गेलं.

नाव बदललेल्या गावात राहतो आपण,
आपल्याला बदलाचं काय,
असं मीच म्हणायचे गेल्या वर्षी,
तौफिकचा धनुर्धारी बदलला तेव्हा. हसत.
तो आठ दिवस खेळला नव्हता.
मी त्याला फोनही केला नव्हता.

खालच्या खोलीत सहा माग चालतात.
वीज गेली की वडगाव एकदम बहिरं होतं
आणि वरच्या पंख्याचं पातं मोजता येतं.
भरमूमामाचा पहिला माग खड्ड्यातला,
पाय खाली सोडून बसायचं,
पावडी दाबायची, धोटा फेकायचा.
त्यावर माती लोटून पॉवरलूम बसवले
त्याला छत्तीस वर्षं झाली.
अजून खुर्चीवर जेवायला बसला की
त्याचा उजवा पाय टेबलाखाली
दाबतो, सोडतो, दाबतो.
मामी आता त्याबद्दल बोलत नाही,
फक्त आमटीची वाटी जरा आत सरकवते.

काय झालं गं, हरलीस?
नाही मामा, जिंकले.
मग रडूलालीस कशाला?

रविवारी काँग्रेस रोडला
मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर स्पर्धा.
समोरच्या पाचांतही एक मोर्वा.
आमच्यातही.
दोघी सारख्याच अचूक.
माझा अंगठा सवयीनं पुढं जायचा,
मोकळ्या जागेवर,
जिथं तो येणार होता तिथं,
आणि साखळी माझ्या हातातून वळून
तो होता तिथंच जायची,
लहान मुलाचं बोट धरून नेल्यासारखी.
एकदाही चुकली नाही.
इरण्णा एकदाही ओरडला नाही.
ओरडायला वेळच नव्हता मध्ये.

बारा हजार, प्रत्येकी दोन हजार चारशे.
तौफिकनं कुंदा घेतला, पाव किलो,
दुसऱ्या गेटला फाटक पडलं तेव्हा
गाडीवर बसूनच उघडला.
मालगाडी होती, लांबलचक.
डबे मोजायची मला खोड आहे
पण त्या दिवशी मी डब्यांमधल्या फटी बघत होते.
फटीतून पलीकडे एक बाई,
हातात पिशवी, मग नाही, मग पुन्हा,
मग दोन पावलं पुढं.
पुढच्या फटीत ती कुठं असेल
ते मी आधीच ठरवलं.

इरण्णा मागं वळून म्हणाला, काय करूलालीस?
काही नाही, म्हटलं.
अंगठा हँडलवर होता.