उतारा

तहसीलच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं
मी लोकांना त्यांचे उतारे दिले.
गंगाखेड, जुनी इमारत, रॅकना वाळवी.
निजामाच्या वेळचं उर्दू दप्तर कासीमचाचा वाचून दाखवायचे,
मी मराठीत उतरवायचो,
खाली शिक्का : खरी नक्कल.

आता माझाच उतारा काढायलेत.
संभाजीनगरचा दवाखाना,
जांभळ्या टोपणाची नळी, बर्फाचा डबा.
दंडाला रबर बांधता बांधता निलोफर सांगते,
काका, नऊ नंबर आणि बावीस नंबर,
दोघांनी एकमेकांचे तुकडे बदलून घेतलेत.
म्हणजे फेरफार, मी म्हटलं.
ती थांबली. हो, फेरफारच.
मंजुरी कुणाची, ते तिलाही माहीत नव्हतं.

प्रत्येक पेशीत म्हणे अख्खं दप्तर असतं.
नखात डोळ्याचं, डोळ्यात आतड्याचं,
सगळं बस्त्यात बांधून.
पण ज्या कागदाची नक्कल निघते
तेवढ्याचाच अंमल.
यंत्र मोजतं ते हेच :
त्या एका खोट्या नोंदीच्या नकला
रक्तात किती फिरायल्यात.

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.
एका खोट्या नोंदीवर चाळीस जणांनी
उतारे नेलेले मी पाहिलेत.
एकदा तर मीच दिलेत.
शिक्का मारून.

पहिला आकडा, शेकडा बासष्ट.
सत्वशीलानं तिन्हीसांजेला माझ्यावरून
भाकरतुकडा ओवाळला, लिंबू ठेवलं वर,
आणि तिठ्यावर टाकून आली, मागं न बघता.
त्यालाही उताराच म्हणतात.
मी काही बोललो नाही.
जेवणावर रोजची गोळी घेतली.

तीन महिन्यांनी नऊ.
मग एकाच्याही खाली.
दिवाळीनंतरच्या कागदावर
शून्य, टिंब, शून्य, तीन.

नोंद खोडली का मग?
नाही काका, असेल कुठंतरी.
नकला निघंनात, एवढंच.
गोळी सोडू नका.

परभणीपर्यंत बसमध्ये
कागद मांडीवर ठेवून बसलो.
मुंजाजी विश्वनाथ, वय एकसष्ट.
तारीख आहे, सही आहे,
शिक्का जरा फिसकटलाय.
घडी घालायची घाई केली पोरीनं.
मी असतो तर
वाळू दिला असता.