पुरावा क्रमांक सात

चरईतल्या वाचनालयात महिना चार रुपये,
अनामत दहा, आणि एका वेळी एकच पुस्तक.
रहस्यकथांच्या फळीला हात लावला
की बेहेरे बाई चष्म्यावरून बघायच्या,
जणू मीच काहीतरी लंपास केलंय.

पुस्तकातला गुप्तहेर भर वैशाखात ओव्हरकोट घालायचा.
त्याला घाम येत नसे.
त्याच्या शहरात डास नव्हते, पाणी चोवीस तास,
आणि प्रत्येक खुनाला एक प्रशस्त दिवाणखाना.

आधीच्या कुणा वाचकानं पहिल्याच पानावर
पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असायचं: खुनी मुनीम आहे.
मी चरफडत वाचत जायचे, आणि शेवटी निघायची धाकटी सून.
पुढच्या पुस्तकात तेच अक्षर: खुनी डॉक्टर.
तो मात्र खरंच डॉक्टर असायचा.
लिहिलेलं खरं असतंच असं नाही,
खोटं असतंच असंही नाही;
त्या चावट माणसाचे हे उपकार
मी अजून फेडते आहे,
पेपर वाचताना, करारावर सही करताना,
कुणी डोळ्यांत बघून शपथ घेतो तेव्हा.

किसननगरच्या आमच्या चाळीत खून होत नव्हते.
नळावर भांडणं व्हायची,
पण त्यात संशयित स्वतःच ओरडून कबुली द्यायचे.
म्हणून मी आणि माझा सहायक निशिकांत, वय वर्षं सहा,
समोरच्या रेवंडकर काकांवर पाळत ठेवली.

दोनशे पानी वही, मागच्या बाजूनं:
एक. काका सात वीसला डबा घेऊन निघतात. नेहमीसारखेच.
दोन. दोरीवरच्या पँटला ऑइलचा वास नाही.
तीन. आरतीत टाळ्या वाजवताना नखं पाहिली. स्वच्छ.
चार. काकू चहापत्ती पुडीनं आणतात, डबा सोडून दिला.
पाच खोडलंय.
सहा. निशिकांतला शू लागली. पाठलाग रद्द.
सात. पँटला मागून शेवाळ.

दिवाळीच्या सुट्टीत एकटीच गेले त्यांच्या मागे.
वागळे इस्टेटच्या वळणाला ते वळलेच नाहीत.
खोपटला एसटी डेपो ओलांडून
सिद्धेश्वर तलावाच्या पायरीवर बसले,
रुमाल अंथरायचा विसरून.
समोर पाणी. हिरवं, जाड, न हलणारं.
मी विजेच्या खांबाआड उभी, पाय भरून आले,
तेव्हा लांबच्या कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला
आणि त्यांनी डबा उघडला.
भोंगा होईपर्यंत उघडला नव्हता.

मग मान न वळवता म्हणाले,
'ये. शाळा नाही?'
'सुट्टी आहे.'
'मलापण,' म्हणाले,
आणि भाकरीचे दोन भाग केले.

पुस्तकात यानंतर सगळ्यांना एकत्र बोलवतात.
आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
सगळे जमले असते तर
कुणाचा तरी पाय पाण्याच्या कळशीत गेला असता.
आणि सांगणार काय? गुन्हेगार कुलूप लावून
कधीच निघून गेला होता, त्याला मी पाहिलंही नव्हतं.
कसं शोधायचं ते त्या गुप्तहेरानं शिकवलं.
सापडल्यावर खिशात कसं ठेवायचं,
ते प्रकरण कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
निशिकांतला सांगितलं, काका निर्दोष. फाइल बंद.
त्यानं वहीवर खडूनं सही केली.

आता तो खारघरला असतो.
रोज अकराला व्हिडिओ कॉल: ऑफिसमधूनच बोलतोय गं.
इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, मागे पांढरी भिंत.
कार्ड उलटं आहे. तीन आठवडे उलटंच.
भिंतीवर खिडकीच्या जाळीची सावली,
आणि लांबून
कुकरची शिट्टी.

मी मोजते. एक. दोन.
तो आवाज चढवून मीटिंगचं काहीतरी सांगतो.
तीन.
मी विचारते,
'रविवारी येऊ का रे?
भाकरी घेऊन येते.'