अर्जदार गैरहजर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
जुन्या नोंदींसाठी ती उतरावी लागते:
बाजूचं दार, चौदा पायऱ्या, बॉयलरची घरघर,
आणि काउंटरमागे मी.
एकोणतीस वर्षं.

तो सोमवारी आला. हातात टोपी,
टोपीवर बियाण्यांच्या कंपनीचं नाव.
एल्डन ब्रांडवोल्ड. आईची केस हवी होती.
वर्ष? "एकसष्ट असेल. मी पाच वर्षांचा होतो."
नंबर नव्हता.
नंबर कुणाकडेच नसतो. लोक येतात ते एक नाव घेऊन,
आणि कुणावर तरी ठरवून ठेवलेला राग.

मी दोन वह्या दाखवल्या.
लाल पाठीची वादींची, हिरव्या पाठीची प्रतिवादींची.
उचलायला दोन्ही हात लागतात.
तो सरळ हिरवीकडे गेला.
"तीच सोडून गेली ना आम्हाला.
म्हणजे दावा वडिलांनीच लावला असणार."
बोट पानावरून उतरत गेलं, पुन्हा वर आलं.

मला सल्ला देता येत नाही.
काउंटरवर तशी पाटीच आहे.
पण लाल वही चार बोटं त्याच्याकडे सरकवायला
कुठल्या कलमाची आडकाठी नाही.

ती तिथे होती. सोल्व्हेग. वादी.
लिहिणाऱ्याने आडनावात व्हीऐवजी डब्ल्यू घातलेला,
म्हणून तीन ओळी खाली.

विनंतीच्या फॉर्मवर कारणाची चौकट नाही.
लोक तरी लिहितात, कडेच्या मोकळ्या जागेत.
त्याने लिहिलं: वडील गेले, मार्चमध्ये.

फाईल आली. नाडी सुटताना तुटली.
घटस्फोट, दोन पानं.
मग तिचे अर्ज.
महिन्यातून एक रविवार मुलाला भेटू द्यावं. नामंजूर.
दोन महिन्यांतून एक. नामंजूर.
शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहू द्यावं,
हाक मारणार नाही.
नामंजूर.
चौथा अर्ज, बावीस जानेवारी चौसष्ट:
अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली.

"आलीच नाही शेवटी," तो म्हणाला,
जवळजवळ समाधानाने.
अडुसष्ट वर्षं सांभाळलेली गोष्ट
जागच्या जागी परत बसली होती.

मी पानं मोजून पैसे घेऊ शकले असते.
पानाला पन्नास सेंट.
पण त्या दिवसाचा रोजनामाही सार्वजनिक असतो,
कुणी मागत नाही इतकंच.
मी आत गेले, धूळ झटकली, आणून उघडला.

नऊ प्रकरणं. गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
एका गायीचा वाद, एक कुंपण, एक दारूचा दंड,
सगळेच गैरहजर.
वर पेन्सिलने, कारकुनाच्या अक्षरात:
बर्फाचं वादळ. रस्ते बंद. न्यायाधीश चालत आले.
आठ जणांना पुढची तारीख मिळाली.
गायीलासुद्धा.

तो वाचत राहिला. बॉयलर थांबला, चालू झाला.
टोपी त्याने कधी खाली ठेवली, मला दिसलं नाही.

"नक्कल साधी की खरी?"
"फरक काय?"
"शिक्का. पाच डॉलर जास्त."
त्याने फाईल बाजूला सारली
आणि त्या एकाच पानाची खरी नक्कल मागितली.
शिक्क्याच्या दांड्यावर सगळं अंग टाकावं लागतं;
माझा उजवा खांदा त्यातच गेला.

पैसे देताना विचारलं, "नंतर ती कुठे राहिली?"
चौथ्या अर्जावर पत्ता नदीपलीकडचा होता,
म्हणजे शेजारची काउंटी.
मी चिठ्ठीवर त्यांचा फोन लिहिला.
बुधवारी दुपारी ते बंद असतात.
"मृत्यूची नोंद असेल त्यांच्याकडे," मी म्हणाले,
"घराचीही असेल.
आधी घराची मागा."
आणि आडनाव सांगताना
दोन्ही स्पेलिंगं सांगा.