कल्ला उघडून

वरच्या रंगावर मी मासळी घेत नाही.
अंगठ्याने कल्ला उघडते, आत बघते,
लाल असेल तरच बोली.
पंचवीस वर्षं निवतीच्या लिलावात उभी आहे,
सुरमई कालची की आजची
हे मला टोपलीपासून दोन हातांवर कळतं.

दुर्वा गिरप मला कळली नाही.

काल रात्री मोबाईल बर्फाच्या पेटीला टेकवून ठेवला होता.
राष्ट्रीय महिला लीग, बक्षीस समारंभ.
हंगामातली उदयोन्मुख खेळाडू, म्हणाला तो सुटातला,
आणि नाव घेताना तिला 'गिराप' केली.
तरी आमच्या वाडीत फटाके फुटले.
"उदयोन्मुख म्हणजे गो काय?" मी हेमांगीला विचारलं.
"अजून वर येवक नाय, पण येतला."

थवा वर यायच्या आधी पाण्याचा रंग बदलतो.
फार नाही. जरासा काळपट, सुरकुती पडल्यासारखा.
होडीत सात जण असले तरी तो एकालाच दिसतो.
बाकीचे सहा मागाहून म्हणतात,
मीही तेच म्हणणार होतो.

त्या सहांत मी.

ओहोटीला वाळूची घट्ट पट्टी उघडी पडायची,
तिथे या पोरी खेळायच्या.
चार मोडकी वल्ही रोवून दोन गोल,
एका अंगाला सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला लाटा,
आणि भरती चढेल तसं मैदान अरुंद होत जायचं,
शेवटी दोघींना शेजारी शेजारी पळायला जागा नसे.
त्या चिंचोळ्यात दुर्वा चेंडू पायाला चिकटवून निसटायची
आणि मी ओरडायचे,
"रापण ओढूक कोण येतलो? तुझो आजो?"

मापशाहून तो माणूस आला तो शनिवार होता.
बुटका, हातात शाळेतली वही.
उलट्या क्रेटवर बसला, चहासुद्धा नको म्हणाला.
दुर्वाने त्या दिवशी गोल केलाच नाही.
चेंडू पायात यायच्या आधी
ती दोनदा मान वळवून मागे बघते,
एवढंच त्याने लिहून घेतलं म्हणतात.
अहो, इथे कंबरभर पाण्यात उभं राहिलेलं कुठलंही पोर
मागे बघतं. लाट सांगून येत नाही.
पण कोरड्यावर तशी बघणारी ती एकच.
एकच?

त्या शनिवारी बांगड्याची रास पडली होती.
गुडघाभर बांगडे, मीठ कमी, माणसं कमी.
हेमांगीला मी सोडली नाही.
"एक दिस खेळलंस नाय तर मरशीत काय?"
वल्ह्यांच्या मधे तिच्या जागी
कुणाचा तरी धाकटा भाऊ उभा होता,
नाक पुसत.

दुर्वाचा तो वाकडा फटका, ज्याला सुटातला माणूस
जादू म्हणाला,
तो हेमांगीमुळे वाकडा झाला.
सरळ मारलेला एकही तिने आत जाऊ दिला नव्हता,
तीन वर्षांत एकही नाही.
हे त्या वहीत नाही. कुठल्याच वहीत नाही.

हेमांगी टोच्याने बर्फ फोडत होती.
मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.
मग त्यांनी सामन्यांतले तुकडे दाखवले.
दुर्वा डाव्या बगलेने आत शिरते,
समोरची गोलकीपर एक पाऊल पुढे,
चेंडू अजून पायातच,
आणि हेमांगी म्हणाली,
"उजव्या खांद्यावरसून जातलो."

गेला.

टोचा खाली पडला होता.
तिचे दोन्ही हात छातीपुढे, बोटं पसरलेली,
बर्फाचं पाणी कोपरांवरून गळत होतं
आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

मी तिचा उजवा हात ओढून घेतला.
गार, मिठाने पांढरा, जागोजाग फुटलेला.
अंगठ्याने तळवा उघडला
आणि सवयीनेच आत बघितलं.
लाल.

"सोड गो आये," ती म्हणाली,
"बर्फ वितळता."