शिंकांची मोजदाद

अलेप्पोच्या पूर्व भागात, मार्च संपताना,
मी दारोदार विचारत फिरते:
सकाळी उठल्यावर शिंका येतात का?
सलग किती? नाक चोंदतं? डोळे चुरचुरतात?
लोक आधी माझ्याकडे बघतात, मग कागदाकडे.
एवढं सगळं होऊन गेलं, आणि सरकार आता नाकाची चौकशी करतंय?
सरकार नाही, मी म्हणते, विद्यापीठ.
मग चहा येतो.

पहिल्या मजल्यावर विसाल कय्याली.
भिंतीला ओल आहे का?
"कुठल्या? असलेल्या, की प्लास्टिकच्या?"
प्लास्टिकवर निळ्या अक्षरांत कुठल्याशा संस्थेचं नाव,
त्यामागे बुरशी, आठवड्याला बोटभर वर चढणारी.
घरात गालिचा?
"होता. नेला."
कोणी, हा रकाना माझ्याकडे नाही.
शेगडीत काय जाळता?
मिळालं तर डिझेल, नाहीतर ऑलिव्हचा चोथा,
खोकी, चपला,
"एकदा शाळेचं बाक. ते नका लिहू."
मी 'इतर'वर खूण करते.
"नाकाचं विचारता ना? नाकी नऊ आलेत. हे मात्र लिहा."

दुसऱ्या मजल्यावर मुनीब काका, साबणवाले.
चाळीस वर्षं लॉरेलच्या तेलाचा साबण उकळला.
कढईत थर्मामीटर नाही, नाक.
वाफ उजव्या नाकपुडीला टोचली की जाळ काढायचा.
आता उजवी बंद, डावी अर्धी.
कधीपासून?
"बाजार जळायच्या आधी तर नाही."
परवा नातवानं स्वतः केलेली वडी आणली,
म्हणाला, हुंगा, जमली का?
"हुंगली. उत्तम, म्हणालो.
साबणाबद्दल खोटं बोललो पोरी, जन्मात पहिल्यांदा."
नाक शिंकरून ते रुमालात बघतात,
चार घड्या करतात.

'जोखमीचे घटक', सरांनी ठळक अक्षरांत छापलंय:
धूळ, धूर, ओल, दाटीवाटी, मांजर, घरातली सिगारेट,
आईवडिलांपैकी कुणाला दमा.
आईवडील नसले तर
'माहीत नाही'वर खूण करायची.
धूळ कसली, ते विचारलेलं नाही.
ही वाळवंटाची नव्हे.
चुना, सिमेंट, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची फरशी,
दळून बारीक.
वारा सुटला की शेजारचं घर नाकात जातं.

तिसऱ्या मजल्यावर ओबादा, वय अकरा.
नाकाचा शेंडा लाल, वरच्या ओठावर सालं.
शिंका येतात?
तो मान हलवतो, नाही.
आई म्हणते, येतात. थांबा जरा.
आम्ही थांबतो.
त्याचे खांदे एकदा वर जातात, डोळे मिटतात,
खांदे खाली येतात.
एवढंच.

"तळघरात शिकवली ही. चार वर्षांचा होता.
डोक्यावर बूट वाजायचे.
नाक चिमटीत धरायचं, जीभ टाळ्याला लावायची,
शिंक गिळायची.
आता सांगते, शिंक रे बाबा मोठ्यानं.
येतच नाही त्याला."
दिवसाला किती?
"तीसेक. मी खांदे मोजते."
मी लिहिते, ३०.
आवाजाचा रकाना नाही.

मग जिन्यात मलाच.
कठडा नाही, पायरीगणिक भुगा उडतो,
नाक चिमटीत धरेपर्यंत निघून गेली,
दणदणीत. पाठोपाठ दुसरी.
आणि वरून, चौथ्या मजल्यावरून,
माझ्या यादीत जो 'रिकामा, धोकादायक' आहे,
पडद्याआडून एक बाई म्हणाली,
यर्हमुक अल्लाह, देव तुझ्यावर दया करो.
मग एक म्हातारा.
मग एक पोर, उशिरा, तोंडात घास असावा.
शब्द पुरुषाला म्हणायचे होते.
मी दुरुस्ती केली नाही.
पेन्सिल शोधली, 'रिकामा' खोडलं,
लिहिलं: किमान तीन,
आणि बाहीला नाक पुसत वर चढले,
पहिला प्रश्न पुटपुटत.