सदोष मीटर

बत्तीस वर्षं मी या देवळाशी येत होतो
आणि एकदाही आत गेलो नव्हतो.
मीटर बाहेरच होता,
फाटकाच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या पेटीत.
पेटीत एक पाल, ठरलेली.
टॉर्च मारायचा, आकडे उतरवायचे, खडूनं खूण करायची,
पुढचं घर.

आज बूट काढले.
मोज्याला अंगठ्याशी भोक, ते मुडपून तळव्याखाली घेतलं.
निवृत्त माणसाला कुठंही जायला कारण लागतं;
घरी सांगितलंय, बँकेत चाललोय.

दारात ढवरेबाई फरशी पुसत होत्या.
त्यांनी ओळखलं नाही, खांद्याला बेस्टची पिशवी नव्हती ना.
"कुठनं आलात?"
"सातरस्त्याहून."
वरळीहून सातरस्ता म्हणजे काय, हाकेचं अंतर,
पण लांबून आलेल्याकडे बघावं तसं
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
हात पुसले, आणि माठातलं पाणी दिलं.
मी ते उभ्यानंच प्यालो, पाहुण्यासारखा, सगळं.

आत कुणी नव्हतं.
नमस्कार कसा करायचा ते ठाऊक नव्हतं.
आमच्याकडे घंटा बडवून देवाला सांगतात, आलोय म्हणून.
इथंही घंटा होती,
पण तिला हात लावायचा की नाही, कुणाला विचारणार?
हात जोडले, तेही अर्धेच,
परक्या घरी खुर्चीच्या कडेवर टेकतो तसे.
बुद्ध काही बोलले नाहीत.
मी चटईच्या टोकाला बसलो.

कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी
या मीटरवर मी शेरा मारला होता:
"सदोष. बदलावा."
दोन महिन्यांत चौदा युनिट!
एवढ्या थोरल्या वास्तूला चौदा युनिट?
एवढं तर कोपऱ्यावरचा पानवाला खातो.
माणसं आली, मीटर उतरवला, तपासला,
पुन्हा तोच बसवला.
साहेबांनी कागदातून मान वर केली नाही.
"मीटर ठीक आहे, कुडाळकर.
ते लोक दिवा लावत नाहीत."

मला वाटलं, चिक्कू असतील.

आज उन्हं उतरली, खिडकीतला चौकोन
भिंतीवर चढला, पिवळा झाला, गेला.
मी वाट बघत होतो. आता कुणीतरी बटण दाबेल.
बोर्ड कुठं आहे तेही मी आल्या आल्या हेरलं होतं,
सवय.
आधी खांब गेले,
मग फुलं,
मग माझे गुडघे.
शेवटी फक्त मूर्तीचा एक खांदा उरला.
तो कशानं दिसत होता, सांगता येत नाही.

कधीतरी म्हातारे भिक्खू आले,
मला ओलांडून गेले, थांबले नाहीत,
आणि ढोल वाजवायला लागले.
बाहेर हॉर्न, कुकरची शिट्टी, कुणाची तरी पोरगी पाढे म्हणत होती.
तेही सगळं चालूच होतं.
मी ठोके मोजायला घेतले.
दुसरं काय येतं मला?
सत्तर. एकाहत्तर.
अठ्ठ्याहत्तरपर्यंत बिनचूक होतो,
मग एकोणऐंशी की एकोणनव्वद,
शाळेतल्यासारखा अडखळलो
आणि मागे जाऊन दुरुस्त केलं नाही.
ठोके तळव्यांतून वर येत होते. मोज्याच्या भोकातूनही.

निघताना ढवरेबाई म्हणाल्या, "परत या, भाऊ."
बूट अंधारात चाचपडून घातले,
उजवा की डावा, ते पाय घातल्यावर कळलं.

फाटकाशी पेटी तीच, गंजलेली,
आत मीटर नवा.
आता आकडे उतरवायला कुणी वाकत नाही म्हणे.
त्याच्यावर एक लाल ठिपका असतो,
वीज जाईल तसा लुकलुकतो;
दुकानांचे तर डोळा लवेपर्यंत दहादा.
मी टोपी काढून वाकलो.
पाल होती. तीच नसणार.

ठिपका एकदा लुकलुकला.
मग बराच वेळ नाही.
एक बस गेली, नंबर बघायचा राहिला.
दुसरी गेली.
मी तसाच वाकून.