स्टूल म्हणजे शिडी नाही

नवतपा लागून तिसरा दिवस.
त्रिमूर्ती नगरात, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या माळ्यावर
झंझाडकाका दार उघडतात
ते हातात स्टूल घेऊनच.
"एसीचा डबा मागं आहे, छज्ज्यावर.
खिडकीतून पाय टाकला का झालं.
मागच्या साली आला होता तो पोरगा
दोन मिनिटांत उतरला होता, बाप्पा."

मी खिडकीतून पाहतो.
हातभर छज्जा, कबुतरांनी पांढरा केलेला,
कोपऱ्यात त्या पोराचा विसरलेला
दहा-अकराचा पाना.
खूप खाली कुणाची तरी मोपेड, चादरीनं झाकलेली.

"नाही होत, काकाजी."

गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागं
कंपनीनं छापून दिलंय सगळं :
दोराशिवाय बाहेर पाय नाही,
मेन पाडल्याशिवाय वायरला हात नाही,
घरात लेकरू एकटं असेल तर
उंबऱ्याच्या अलीकडेच थांबायचं.
आणि स्टूल म्हणजे शिडी नाही.
एवढी एकच ओळ ठळक.
कुणाच्या पायी ठळक झाली, मी विचारलं नाही.
ट्रेनिंगवाल्या बाईंनी सांगितलंही नाही,
वाचताना तिथं जरा थांबल्या फक्त.

काकू पन्हं आणून देतात.
पन्ह्याला नियमात मनाई नाही.
"भेत का बे?" काका विचारतात.
हो म्हणतो. पहिल्या वर्षी म्हणवत नव्हतं.

"बत्तीस वर्षं खांबावर चढलो मी.
ना दोर, ना तुझं हे कार्ड."
वीज मंडळातून रिटायर झालेला माणूस,
डाव्या हाताची दोन बोटं
कुठल्याशा खांबावरच ठेवून आलेला.
स्टूल खिडकीला टेकवतो, स्टुलावर पाट,
पायजमा वर खोचतो
आणि एकाहत्तराव्या वर्षी चढतो.

ग्राहक चढला तर काय करायचं
हे कार्डावर नाही.
मी दोन्ही हातांनी पोटऱ्या धरल्या त्यांच्या.
बारीक, गरम, मलमाचा वास येणाऱ्या.
"सोड."
"उतरा."
"सोड म्हणून राहिलो ना!"
"उतरा जी."
काकू रिकामा ग्लास घेऊन दारात. एक शब्द नाही.
शेवटी स्टूलच कर्र बोललं,
आणि काका उतरले,
स्वतःहून उतरल्यासारखे.

फॉर्मवर लिहिलं : काम अपूर्ण.
कारण : जाण्याची सुरक्षित सोय नाही.
तीन बोटांनी त्यांनी सही केली, वळणदार, झोकदार.
जिना उतरेस्तोवर मोबाइल वाजला.
एक तारा.

रात्री हुडकेश्वरला घरी आलो
तर भिंतींनाही ताप.
सुकेशिनी म्हणाली, "कूलर झटके मारून राहिला परवापासून.
मी चप्पल घालून पाणी टाकतो ना, काही होत नाही."

परवापासून.
दिवसभर लोकांच्या घरचे मेन पाडत हिंडलो
आणि इथं लोखंडी कूलरला
माझं लेकरू टेकून झोपतं.

मेन पाडला. टॉर्च तोंडात धरून तपासलं :
अर्थिंगची वायर तुटलेली,
वर, दारावरच्या बोर्डात.
हात पुरत नाही.
शिडी कंपनीची; सहानंतर गोदामात, कुलपात.

अंधारात खरड खरड आवाज.
पोरगी स्टूल ढकलत आणत होती.
"बाबा, मी धरू?"

मी तिच्याकडे पाहिलं.
तिचे हात बरोबर
माझ्या पोटऱ्यांपर्यंत पुरत होते.

त्या रात्री आम्ही गच्चीवर झोपलो.
वारा नव्हता. गच्चीची फरशी
पाठीला अजून दुपार देत होती.
बऱ्याच वेळानं, झोपली असं वाटत असताना,
सुकेशिनी वर बघत म्हणाली,
"तुम्हालेही एकच देतो मी."